कोपऱ्यावरची हळद

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे, ता. शिरूर
दि. २ जुलै २०२५

प्रिय दत्ता,

तुला आणि गिताबाईंना मल्हारीकडून रामराम, प्राचीला आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. तिकडे राहू गावी तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो, कारण विचारायला दुसरी सोय राहिली नाही. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा कोणाकडून मिळवावा तर नऊ वर्षांत मी तो का घेतला नाही, हे आधी सांगावं लागेल. म्हणून पत्र.

हे पत्र प्राची तुला वाचून दाखवील, हे मला माहीत आहे. प्राची, बाळ, जसं लिहिलंय तसंच वाच. मधलं काही गाळू नको. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण बापाला वाईट वाटेल म्हणून लेकरं एखादं वाक्य गिळून टाकतात. मी ते केलेलं आहे.

दोन गाया दुधावर आहेत, दोन भाकड. कांद्याला यंदा हात लावला नाही, ऊस तेवढा ठेवला आहे. रविराजची कंपनी चालू आहे, रांजणगावला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सूनबाई अनुपमा मांडवगण फराट्याची, बी. ए. झालेली. तू तिला पाहिलेलं नाहीस. त्यांची सायली या महिन्यात पाच वर्षांची होईल. तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

पोरगी चलाख आहे. वस्तीवरून गाडी गेली की न बघता सांगते, कोणाची गेली. गाय हंबरली की कोणती ते ओळखते. पण बोलायला उशिरा लागली. अजून टरबुजाला टबरूज म्हणते, काल आणि उद्या यांत गोंधळते, वार सांगायला लागली की सोमवारनंतर थेट रविवार. रंगाचं नाव आठवत नाही, मग म्हणते, ‘त्या बादलीसारखा’. अंगणवाडीत सगळी पोरं टाळ्या वाजवून गाणं म्हणतात तेव्हा हिची टाळी मागेपुढे पडते. पाच वर्षांचं पोर असं करतंच, असं तुझी वहिनी सुषमा म्हणते. मीही आधी तसंच म्हणत होतो.

मग मला संशय आला, अंगणवाडीत हिला मागे बसवत असतील. दुधाचा कॅन घेऊन दोन दिवस मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो आणि खिडकीतून पाहिलं. पुढेच बसवली होती. ताईंनी मला पाहिलं, बाहेर आल्या.

“मल्हारीआबा, चोरावानी काय बघताय? या की आत.”

मी म्हणालो, “पोरगी काय म्हणती?”

“लई हुशार हाय. पन कार्ड दावलं की माझ्या तोंडाकडं बघती, कार्डाकडं न्हाई. माझ्या तोंडात काय येतंय त्याचा अंदाज घेती.”

ते ऐकून मी आत न जाता कॅन उचलून निघालो. का ते तुला सांगायला नको.

अनुपमा रात्रंदिवस मोबाइलवर काहीतरी वाचत बसायची आणि मी आलो की फोन पालथा ठेवायची. मला वाटलं, ही आपल्या घराण्याची खोड शोधत बसली आहे. एकदा विचारलंच. तिने सरळ सांगितलं, डिस्लेक्सिया म्हणून एक असतं, डोळे चांगले, डोकं चांगलं, पण अक्षरं ओळखीची होत नाहीत. मी म्हणालो, तुमच्या मांडवगणला असेल कोणाला. ती भाकरी थापत राहिली, पण जरा जोरात.

रविराजने शिरूरहून कार्डांचा गठ्ठा आणला होता. एका बाजूला अक्षर, मागे चित्र. रोज संध्याकाळी अनुपमा अक्षराची बाजू दाखवायची आणि सायली गप्प. आणि एक दिवस अचानक तिला यायला लागलं. क दाखवला की क, म दाखवला की म. आठवडाभर एक चूक नाही. रविराजने पेढे आणले. सुषमाने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. सगळं घर हसत होतं आणि एकट्या मला पटत नव्हतं. इतके दिवस येत नव्हतं ते एका रात्रीत कसं आलं? मी तिच्या डोळ्यांकडे बघत बसलो. ती अक्षराकडे बघतच नव्हती. ती कार्डाच्या कोपऱ्याकडे बघत होती.

दुपारी सगळे इकडेतिकडे असताना मी गठ्ठा काढून पाहिला. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर एकेक बारीक टिकली. लाल, हिरवी, काळी, चंदेरी, एक उलटी चिकटवलेली. सुषमा आठ दिवस ओरडत होती की माझं टिकल्यांचं पाकीट कोण संपवतंय.

मी टिकल्यांची अदलाबदल केली. संध्याकाळी सायलीने मोठ्या आवाजात सगळी कार्डं सांगितली आणि सगळी चुकली. मी म्हणालो, “बघा. मी म्हनलं न्हवतं? ही अक्षरं वळखीतच न्हाई.” खरं ते बाहेर आलं, बरंच झालं.

मग शिरूरला लहान मुलांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. अनुपमा, मी आणि पोरगी. बाईंनी तासभर तिच्याशी खेळल्यासारखं केलं. म्हणाल्या, एवढ्या लहान वयात पक्कं नाव देता येत नाही, सात वर्षांपर्यंत थांबावं लागतं. मग कागद पुढे घेऊन विचारलं, “घरात कोणाला लिहिण्या-वाचण्याचा असा त्रास होता का? वडील, आजोबा, काका, आत्या? असेल तर मी थांबणार नाही. आत्तापासून आठवड्याला एकदा बोलावून सराव सुरू करीन. नसेल तर वर्षभर नुसतं बघू.” अनुपमाने माझ्याकडे पाहिलं. घरातला मोठा मी.

मी नाही म्हणालो.

तर सहज विचारतो, तू लहान असताना तुला पाटीवरची अक्षरं कशी दिसायची, काही आठवतं का? आठवत असेल तर प्राचीला लिहायला सांग. नसेल आठवत तर राहू दे.

तुझा मोठा भाऊ,
मल्हारी


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे
दि. १७ जुलै २०२५

प्रिय दत्ता,

गिताबाईंना नमस्कार सांग. प्राचीचं उत्तर पोचलं. अक्षर सुरेख आहे. मजकूर चारच ओळींचा. सगळे खुशाल आहेत, मेंढरं एकशे चाळीस आहेत, पाऊस बेताचा आहे, आणि अक्षरांचं आप्पांना काही आठवत नाही म्हणतात.

एकशे चाळीस मेंढरांची तोंडं तुला पाठ असतील. कोणतं कोणाच्या पोटचं तेही. आणि अक्षरांचं आठवत नाही, हे मला पटलं नाही. मी चारदा ते पत्र उजेडात धरून पाहिलं, काही खोडलंय का म्हणून. खोडलेलं नव्हतं. पण खाली कोपऱ्यात प्राचीने आपल्या मनाने एक ओळ घातली आहे. ‘काका, टिकल्यांचा भाग आप्पांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.’

दोनदा का, हे मी समजलो. ती ओळ लिहिली म्हणून प्राचीला रागावू नको.

इकडे माझी लाज निघाली आहे. त्या संध्याकाळपासून सायली माझ्या मांडीवर येत नाही. मी दूध घेऊन निघालो की आधी गाडीच्या टाकीवर चढून बसायची, ते बंद. कार्डांचा गठ्ठा नाहीसा झाला. सुषमाला तो गव्हाच्या कोठीत सापडला, पार खाली. टिकल्या सगळ्या नखाने खरवडून काढलेल्या. सुषमाने तिला विचारलं, “का गं काडल्या?” तर म्हणाली, “त्या खोटं बोलत्यात.”

दत्ता, टिकल्या खोटं बोलतात म्हणाली. आजोबा खोटं बोलतात हे तिच्या मनातही आलं नाही.

अनुपमाच्या मात्र आलं. रविराज रातपाळीला गेला होता, सुषमा देवळात. मी ओट्यावर बसलो होतो. ती येऊन समोर उभी राहिली, पदर खोचलेला.

“आबा, एक विचारू? राग मानू नका.”

“इचार की.”

“टिकल्या तुम्ही हलवल्या?”

मी म्हणालो, “बघायला नको का, खरं येतंय का नुसतं...”

“मग आम्हाला सांगायचं. मला सांगायचं. तिच्यासमोर कशाला? ती आठ दिवस खपून, आपल्या डोक्यानं, एक वाट काढून बसली होती. पाच वर्षांची पोर, आबा! आणि तुम्ही ‘बघा’ म्हणून हसलात.”

“मी हासलो न्हाई.”

“हसलात.”

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “आणि डॉक्टरीण बाईंना नाही म्हणालात. राहूचे चुलत सासरे सही का करत नाहीत, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. माझ्या आईनं चौकशी केली होती. मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून.”

म्हणजे मी तिच्यावर पाळत ठेवून होतो आणि ती माझ्यावर. एका चुलीवरचं खाऊन.

मी तिला म्हणालो, तो शिकला नाही एवढंच, मेंढरांमागे गेला म्हणून. ती म्हणाली, “मेंढरांमागे गेले म्हणून शिकले नाहीत, की शिकता आलं नाही म्हणून गेले?”

मी उठून गोठ्यात गेलो. गायांना वैरण आधीच टाकलेली होती, पुन्हा टाकली.

आईच्या दहाव्याचं आधी लिहितो. तलाठ्याकडे वारसांची नोंद करायची होती, सगळे पाहुणे बसले होते, आणि मी मोठ्याने म्हणालो, “दत्तूशेठला शाईचा पॅड आना रे.” लोक हसले. तू अंगठा उठवलास, बोट धोतराला पुसलंस, आणि ताटावर न बसता निघून गेलास. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की एवढ्याशा बोलण्यावरून दत्ता रुसला. मला तेव्हाही माहीत होतं की तेवढ्यावरून नव्हतं. म्हणजे माहीत नव्हतं, संशय होता. तुला कळलंय की नाही, हा संशय मी छत्तीस वर्षं वागवतो आहे. तू माझ्याकडे नीट पाहिलंस तरी वाटायचं, याला कळलंय. पाहिलं नाहीस तरी तेच वाटायचं.

पुढच्या आठवड्यात श्रावण लागतो. मारुतीच्या देवळात पोथी सुरू होईल. अजून ती जुनीच आहे, सुट्या पानांची, तांबड्या रुमालात बांधलेली. तात्याबा गेल्यापासून बावीस वर्षं मीच वाचतो. गावात मला लोक पोथीवाले म्हणतात, तू ऐकलं असशील. दर वर्षी आपल्या घराच्या पाळीच्या दिवशी मी दोन पानं जरा घाईने उलटतो. त्या दोन्ही पानांच्या कोपऱ्यावर हळदीचे डाग आहेत. एक तू लावलेला. दुसरा

इथे पेन खाली ठेवला होता. दूध काढून आलो. पुढचं प्राचीच्या तोंडून तुला ऐकायला लागावं, असं वाटत नाही. पण तू दोनदा वाचून घेतलंस, तेव्हा तुला विचारल्यावाचून राहवत नाही. तुला कळलं होतं का?

एवढंच कळव.

मल्हारी


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे
दि. ६ ऑगस्ट २०२५

दत्ता,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमन म्हणाला, “आबा, ह्यात काय उशी भरली का काय?” मी त्याच्यासमोर फोडलं नाही. मळ्यात नेऊन फोडलं.

कागदाच्या पुढच्या बाजूला प्राचीच्या हातची एकच ओळ. ‘आप्पांनी एवढंच लिहायला सांगितलं: हळद ओली होती.’

तीन शब्द. मी बांधावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. छत्तीस वर्षं, तीन शब्द, आणि तुझ्याजवळ ते पहिल्या दिवसापासून होते.

आता सगळं लिहितो. प्राची, बाळ, हे वाचताना थांबू नको. तुझ्या बापाला माहीत आहे, त्याला नवीन काही नाही. नवीन तुला आहे, आणि ते तू माझ्याकडून ऐकलेलं बरं.

आम्ही दोघे भाऊ, मी तेरा वर्षांचा, तुझा बाप अकरा. मेंढरं वाढली होती आणि आमच्या वडिलांना, दादांना, एक पोरगा त्यांच्यामागे हवा होता. दादांनी ठरवलं, श्रावणात आपल्या घराची पाळी येईल तेव्हा दोघांनी देवळात एकेक अध्याय वाचायचा. ज्याचं वाचणं चांगलं त्याची शाळा चालू, दुसऱ्याने घोंगडी खांद्यावर टाकायची. दादांच्या मनात अन्याय नव्हता. देवासमोर होईल ते खरं, असं ते धरून चालले.

माझं वाचन बरं होतं, पण अडखळत, खालमानेने. दत्ताला एक अक्षर येत नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. आम्ही एकाच पाटीवर लिहायचो. पण त्याचा आवाज गोड होता, आणि त्याने महिनाभर तात्याबांच्या मागे बसून एक अख्खा अध्याय कानांनी उचलला होता. कुठे श्वास घ्यायचा, कुठे पान उलटायचं, सगळं. अध्यायाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर त्याने हळदीचा ठिपका लावून ठेवला होता, कानावर खूण केलेलं मेंढरू कळपातून काढावं तसं ते पान गठ्ठ्यातून काढता यावं म्हणून. तो ओसरीत सराव करायचा तेव्हा आई काम टाकून ऐकत उभी राहायची. माझ्यासाठी ती कधी थांबली नव्हती.

पाळीच्या दिवशी पोथी दुपारी घरी येते, पाटावर तिची पूजा होते, आणि संध्याकाळी वाजतगाजत देवळात जाते. ती पाटावर होती, आई स्वयंपाकात होती. मी ठिपक्याचं पान काढून गठ्ठ्याच्या तळाशी घातलं, आणि दुसऱ्याच एका पानाच्या कोपऱ्यावर पूजेच्या वाटीतली हळद लावली. फुंकर मारली. वाळली असं मला वाटलं.

देवळात दत्ताने पान काढलं, डोळे पानावर ठेवले आणि सुरू केलं. एवढं सुंदर त्या देवळात पुन्हा कोणी वाचलं नाही. मी बावीस वर्षं वाचतोय, म्हणून सांगू शकतो. बायका हात जोडून बसल्या होत्या. अर्थ सांगायला शेजारी तात्याबा होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि पानावर बोट ठेवलं. “पोरा, ह्या पानावर हे न्हाई.”

पुढचं तुझ्या बापाने तुला कधी सांगितलं नसेल. लोक हसायला लागले. दादांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मारलं नाही. “देवाला फसीवतुस व्हय रं?” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेंढरांबरोबर गेला आणि मी शाळेत.

दत्ता, तू पान धरलंस तेव्हा अंगठ्याला पिवळं लागलं असणार. तुला तिथेच कळलं असणार की ठिपका तुझा नाही. तरी तू थांबला नाहीस, म्हणत राहिलास. आणि बाहेर दादांसमोर माझं नाव घेतलं नाहीस. का नाही घेतलंस, ते विचारण्याचा मला हक्क नाही.

पाकिटातून लोकरीचे गुच्छ निघाले. गेरूत रंगवलेले, हिरवे, काळे, पांढरे, एक दोन रंगांचा पीळ. कागदाच्या मागच्या बाजूला प्राचीने लिहिलं होतं, ‘पोरीला द्या. टिकली निघती. कार्डाला भोक पाडून गाठ मारा. गाठ कुनाला हलवता येत न्हाई.’ हे मात्र तुझेच शब्द. हे लिहून घेताना प्राचीने काही गाळलं असेल, घातलं असेल, असा संशय मला आला नाही.

त्याच दिवशी सायलीला ओट्यावर बोलावलं. आली, पण लांब उभी राहिली. मी म्हणालो, “सायली, टिकल्या खोटं न्हाई बोलल्या. मी हलवल्या व्हत्या. तू चुकली न्हवतीस.”

तिने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुमी खोटारडे.”

“व्हय.”

“मग कान धरा.”

मी कान धरले. म्हणाली, उठाबशा काढा. दहा सांगितल्या आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, पाच, चार, सहा, पुन्हा चार. तिच्या मोजणीने किती झाल्या देव जाणे, माझ्या गुडघ्याने पंधरा मोजल्या. सुषमा दारात तोंडाला पदर लावून हसत होती. “आता कळलं का पोरीशी गाठ हाय!” मग पोरीने लोकर हातात घेतली, हुंगली, आणि विचारलं, “ही कुनाची?”

“तुज्या राहूच्या आजोबांची.”

“त्यांनापन कार्डं येत न्हाईत?”

“न्हाई येत.”

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. तिला वाटत होतं, सगळ्या जगात ती एकटीच आहे.

परवा सोमवारी शिरूरला गेलो, अनुपमा आणि मी. डॉक्टरीण बाईंना म्हणालो, मागच्या वेळी नाही म्हणालो होतो, ते खरं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला होतं. बाई म्हणाल्या, तेव्हा आठवलं नव्हतं का? मी हो म्हणून मोकळा होणार होतो. अनुपमा शेजारी होती. मी म्हणालो, “आठवलं होतं. सांगायचं नव्हतं.” बाईंनी मान हलवली, रागावल्या नाहीत. कागदावर लिहायला लागल्या तेव्हा मी विचारलं, ते मी लिहिलं तर चालेल का. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. तुझं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, त्याबद्दल बोल लाव, पण पोरीसाठी थांबवेना. बाई म्हणाल्या, अजूनही पक्कं नाव देत नाही, पण आता थांबायचंही नाही. दर सोमवारी सराव. टिकल्यांचं आणि लोकरीचं ऐकून त्या पेन ठेवून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, खुणा काढू नका, खुणेवरून हळूहळू अक्षरावर नेऊ. आणि त्यांनी विचारलं, “तुमचे भाऊ काय करतात?” मी म्हणालो, एकशे चाळीस मेंढरं तोंडावरून ओळखतो.

परत येताना अनुपमा एसटीत म्हणाली, “आबा, खिडकीला बसा, तुम्हाला वारं लागतं.” एवढंच. पण बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली.

सायली शिकेल की नाही, किती शिकेल, मला सांगता येत नाही. रोज संध्याकाळी देवासमोर बसतो तेव्हा मागणं मागायला तोंड उघडतो आणि आधी तो पाट दिसतो. मागणं तसंच राहतं. दिवा मात्र लावतो.

पुढच्या गुरुवारी, चौदा तारखेला, आपल्या घराची पाळी आहे. मी लोकांना सांगितलं, यंदा मी वाचणार नाही. सगळे विचारतात का. गुरुवारी देवळात सांगेन, तात्याबा बसायचे त्या खांबाशी उभा राहून, पोथी सोडायच्या आधी. तू आलास तरी सांगेन, नाही आलास तरी सांगेन, तेव्हा माझ्यासाठी येऊ नको. पण तुझा तो अध्याय अजून तुला पाठ असेल, अशी माझी खात्री आहे. आणि सायलीला एक माणूस असं बघायचं आहे, ज्याला कार्डं येत नाहीत.

पोथी घरोघर पोचवणाऱ्या न्हाव्याला सांगून ठेवलंय, पोथी घरी येईल तेव्हा पाटाजवळ कोणीतरी बसून राहायचं. मी नाही बसणार. सायली बसेल.

पोथी आता सायलीच्या पद्धतीने लावली आहे. तुझ्या ठिपक्याच्या पानाला तिने परवा संध्याकाळी देवळात माझ्याजवळ बसून भोक पाडून गेरूची लोकर बांधली. देवाच्या पोथीला भोक पाडलं म्हणून सुषमा ओरडली. मी तिला गप्प केलं.

बोटाला लागलेली हळद अजून न निघालेला,
तुझा भाऊ
मल्हारी